बंद घराचं मत

१

मेलेल्या माणसाने मत दिलं, हे मला कळलं तेव्हा गॅसवर पिठलं होतं. फोन असा किणकिणत सुटला की पिठलं खाली लागलं, आणि मी ते तसंच जेवले. एकटीच्या घरात एवढं एक बरं असतं, करपलं म्हणून तोंड वाकडं करणारं कुणी नसतं.

मी प्रियदर्शिनी. महाडात राहते, जिच्या भिंतीवर सावित्रीच्या पुराची रेघ अजून पुसलेली नाही अशा खोलीत. पूर्वी एका पतसंस्थेत हिशेब तपासायचे. ती संस्था बुडाली (माझ्यामुळे नव्हे), आणि तेव्हापासून मी 'तराफा'ची तपासनीस आहे. तराफा हा डिजिटल पैसा. त्याला बँक नाही, मालक नाही, खुर्ची टाकून बसलेला साहेब नाही. जगभरातल्या लोकांच्या घरांतल्या मशीनवर एकच नियमावली चालते. ती बदलायची तर कुणीतरी ठराव मांडायचा, सगळ्यांनी मंचावर, म्हणजे आमच्या वेबसाइटवर, मनसोक्त भांडायचं आणि मग मतदान घ्यायचं. ज्याच्याकडे नाणी जास्त त्याच्या मताला वजन जास्त. याला लोकशाही म्हणायचं की बाजार, हे माझं अजून ठरलेलं नाही.

या खेपेचा मोठा ठराव निद्रिस्त खात्यांचा होता. पाच वर्षं ज्या खात्यात कसलीच हालचाल नाही, ते पुसून टाकायचं. कारण साधं होतं. जुन्या खात्यांची कुलपं जुनी, नवे संगणक ती उद्या उघडतील, चोर नाणी उपसतील आणि सगळा तराफाच बुडेल. ठराव राजेशने मांडला होता. तो आमचा मुख्य प्रोग्रामर.

ठराव पास होणार हे सगळे धरून चालले होते. तो पडला. शेवटच्या दिवशी एक भलंमोठं वजन विरोधात पडलं. खातं होतं अनिलचं. अनिलनेच राजेशला सोबत घेऊन तराफा बांधला होता आणि पाच वर्षांपूर्वी तो पुण्याच्या फ्लॅटमध्ये हृदय बंद पडून गेला होता. एकटाच राहायचा. दार फोडलं तेव्हा टेबलावरचा संगणक चालूच होता म्हणतात. खातं तेव्हापासून गप्प होतं.

मंचावर आग लागली. चोरी, चोरी! काम माझ्याकडे आलं, कारण जगभरात पसरलेल्या त्या पसाऱ्यात अनिलच्या गावापासून एसटीच्या अंतरावर राहणारी मी एकटीच तपासनीस.

नियम स्पष्ट होता. खातं दुसऱ्याने वापरलं असं सिद्ध झालं, तर मत बाद आणि वापरणारा माणूस मंचावरून कायमचा बाहेर. सोमवारपर्यंत सिद्ध झालं नाही, तर मत कायम. मत बाद झालं तर ठराव पास, म्हणजे अनिलचं खातं पुसलं जाणार, आणि त्याच्या बायकोमुलीसाठी मागे राहिलेली एकुलती एक गोष्ट जाणार. चोर सापडला तर शिक्षा त्या दोघींनाच, असा हा तिढा होता.

मी राजेशला लिहिलं. रोज सकाळी मंचावर पहिला निरोप त्याचाच असायचा. 'आज धुकं.' 'आज निवळ.' 'आज वणवा लागलाय समोरच्या डोंगराला.' कापड्याच्या वरच्या वाडीत तो एकटा राहायचा, मी इथे. वर्षानुवर्षं रोज बोलायचो आणि एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. भेटायला निघावं असं दोघांपैकी कुणीच सुचवलं नाही. एकटेपणाची सवय झाली की माणूस तिलाच सोबत समजायला लागतो.

'तुम्हाला कुणाचा संशय?' मी विचारलं.

एरवी राजेश लगेच उत्तर द्यायचा; या वेळी माझी भांडी घासून झाली तरी काही आलं नाही. मग एकच ओळ आली. 'नाणी तशीच आहेत का, ते बघा.'

मी बघितलं. खात्यातलं एकही नाणं हललं नव्हतं.

२

तिजोरी उघडायची आणि सोन्याला हात न लावता नुसतं मत देऊन परत जायचं, असा चोर मी हिशेबाच्या आयुष्यात पाहिला नव्हता.

आणखी एक विचित्र गोष्ट होती. त्या दिवशी तीन ठराव मतदानाला होते आणि अनिलच्या खात्याने तिन्हींवर बटण दाबलं होतं. निद्रिस्त खात्यांवर 'विरोध'. बाकी दोन्हींवर 'हजर'. आमच्याकडे बटणं तीन आहेत, बाजूने, विरोध आणि हजर. तिसरं कुणी दाबत नाही. मत द्यायचं नसेल तर माणूस येतच नाही, नुसतं आलोय सांगायला कोण येतं? मंचावरचे शहाणे म्हणाले, चोराचा हात चुकला. दोनदा एकाच जागी हात चुकतो, हे काही मला पटेना.

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर साहिलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिशीचा गडी, अनिलकडूनच सगळं शिकलेला. कुलूपबंद फोन उघडण्यात त्याचा हातखंडा, म्हणून मंचावर पहिलं नाव त्याचंच घेतलं जात होतं.

"मॅडम, मला ठाऊक होतं तुम्ही येणार," तो म्हणाला. सोल्डरिंगचा धूर त्याने हाताने बाजूला केला. "आख्खी दुनिया मला चोर बोलतेय. गिऱ्हाईकाला काय सांगू?"

"अनिलच्या खात्याचं यंत्र उघडता येईल तुम्हाला?"

"नाय. ते अंगठ्याएवढं यंत्र, त्याच्याबिगर खातं उघडत नाय, नि त्यावर पिन. चार वेळा चुकला की आतलं सगळं साफ. अनिलदादाने मुद्दाम तसलं घेतलं." मग त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "आणि मला एक सांगा. त्या दिवशी माझा पण ठराव होता. छोट्या मशीनवाल्यांना जरा वाटा मिळावा म्हणून. किती थोडक्यात पडला बघितलंत ना? दादाचं खातं माझ्या हातात असतं, तर मी माझ्याच ठरावावर 'हजर' दाबून गप बसलो असतो काय?"

हे बिनतोड होतं. त्याच्या ठरावाला अनिलच्या वजनाने सहज तारलं असतं. ते वजन हातात असूनही त्याने स्वतःला बुडवलं, असं मानायला साहिल मूर्ख असायला हवा होता, आणि तो मूर्ख नव्हता.

"ते हजरचं बटण दादाचंच," तो म्हणाला. "बाहेरदेशचे लोक काढून टाका बोलायचे. दादा ऐकायचा नाय. बोलायचा, राहू दे, लागतं."

"कशाला लागतं?"

"ते नाय सांगितलं."

मी उठले. तो दारापर्यंत आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मॅडम, यंत्र पुण्याला नव्हतं. गावी, वाडीतल्या घरात हाय. घराची वस्तू घरात, असं बोलून दादाने तिथंच ठेवलं."

"हे त्यांच्या बायकोला ठाऊक आहे?"

"वहिनींनी कधी विचारलं नाय," साहिल म्हणाला.

३

अनिलची बायको निशा महाडजवळच्या नाते गावात माहेरी राहते आणि शाळेत शिकवते. मी गेले तेव्हा ओटीवर बसून बिरडं सोलत होती. वालाचे दाणे परातीत पडत होते, सालं सुपात. मला बसायला सांगून तिने परात जरा माझ्याकडे सरकवली. मीही सोलायला लागले. चौकशीची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. हात गुंतले की माणसं खरं बोलतात.

"मीच असेन असं वाटतंय का तुम्हाला?" तिने विचारलं.

"फायदा तुमचाच आहे."

"मला पिन माहीत असता, तर मी मतं देत बसले असते? आधी सगळं सेजलच्या नावावर केलं असतं. बारावीला आहे ती." सेजल तिची मुलगी. आतल्या खोलीतून तिचा पाठांतराचा आवाज येत होता.

हेही बिनतोड होतं. निशाला मतापेक्षा नाण्यांची गरज होती, आणि नाणी जागची हलली नव्हती.

"यंत्र वाडीतल्या घरात आहे, हे माहीत होतं तुम्हाला?"

तिचे हात थांबले. "नाही," ती म्हणाली. "पुण्याच्या सामानात नव्हतं, म्हणून मला वाटलं गेलं. हरवलं. दिवसकार्याला वाडीत गेले होते, तेव्हा गावकीने बैठकीत ठरवून टाकलं होतं, घराची किल्ली शेजारी भावकीकडे राहील. मला कुणी विचारलं नाही. मीही मागितली नाही."

"का?"

"आमचं पटत नव्हतं शेवटी. तो पुण्यात, मी इथे. मग कुठल्या तोंडाने मागायची? आणि तसंही त्या वाडीत माझ्या वतीने बोलणारे पुष्कळ होते. सासरे, दीर, गावकी. सगळे बोलायचे. मी तोंड उघडलं की मात्र सगळ्यांना कामं आठवायची." ती हसली. ते हसू मला आवडलं नाही, कारण ते मला ओळखीचं होतं.

निघताना मी विचारलं, "किल्ली कुणाकडे आहे?"

"शेजारच्या घरात. राजेशभावोजींकडे."

महाडच्या एसटीत बसल्यावरही तेच नाव माझ्या डोक्यात फिरत राहिलं. घराची किल्ली राजेशकडे. यंत्र त्या घरात. तराफा दोघांनी मिळून बांधलेला, म्हणजे पिनही त्याला माहीत असणार. सगळं जुळत होतं, आणि तरी काहीच जुळत नव्हतं. ठराव त्याचा स्वतःचा. त्यासाठी तो महिनाभर मंचावर एकेकाशी झुंजला. असा माणूस स्वतःच्याच ठरावाच्या विरोधात मत कशाला देईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच मंचावर त्याचा निरोप आला नाही. मी कापड्याची एसटी धरली.

४

भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजायचे दिवस होते. कापड्यापासून वर चढताना शेताशेतातून धूर निघत होता आणि माणूस मात्र कुठे दिसत नव्हतं. वाडीत शिरले, तर एकेका दाराला कुलूप. अंगणं झाडलेली, दाराला कुलूप. तुळशीला पाणी घातलेलं, दाराला कुलूप. सगळे मुंबईला. मी माझ्या खोलीला एकटी म्हणते, पण माझ्या शेजारी निदान भांडणं तरी ऐकू येतात.

पहिलं उघडं घर रंगूबाईंचं निघालं. त्या अनिलच्या चुलती, कमरेत वाकलेल्या. काठी घेऊन कुठेतरी निघाल्याच होत्या.

"कोन गो तू?"

"महाडची. अनिलचं घर बघायला आले."

"अन्याचा घर? चावी राजाकडं हाय. तो सहाणेवर गेला. आज गावकी बसली हाय, शिमग्याची. चल माझ्यासंगती."

सहाण म्हणजे देवळासमोरचा चौथरा, शिमग्यात पालखी टेकवतात तो. तिथे मोजकीच माणसं होती, त्यातही बायाच जास्त. मी आंब्याखाली लांबच उभी राहिले. मी बौद्धवाडीत वाढले. आमच्या गावातही अशी सहाण होती. आमची नावं तिथे कधी पुकारली गेली नाहीत, आमच्याविषयी जे ठरायचं ते मात्र तिथेच ठरायचं. त्यामुळे गावकी आत कशी चालते, हे वयाची पंचेचाळिशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

रावजी नावाचे म्हातारे गावकर, म्हणजे गावकीचे प्रमुख, मधोमध बसले होते. त्यांनी एकेक घर पुकारायला सुरुवात केली. ज्याचं घर तो 'हजर' म्हणायचा. बंद घराचं नाव आलं, तरी कुणीतरी 'हजर' म्हणायचंच.

"हे काय?" मी रंगूबाईंना हळूच विचारलं.

"घर बंद असला म्हनून काय त्याचा नाव खाली पडू द्यायचा? ज्याच्याकडं चावी, त्यानं ओ द्यायची."

"मग ठरावात मतही तोच देतो?"

"नाय गो! दुसऱ्याच्या घराचा मत आपन कसा देनार? नुसता हजर बोलायचा नि गप बसायचा. पन त्या घरावरच गदा आली, तर मंग बोलायचा. तेवा नाय बोलला तर चावी कशाला ठेवली?"

दोन 'हजर', एक 'विरोध'. मी आंब्याला हात लावून उभी राहिले.

"अनिलचा घर!" रावजींनी पुकारलं.

"हजर," एक चाळिशीचा, चष्मा लावलेला, किडकिडीत माणूस म्हणाला. मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

मांडवाचा विषय निघाला. तो अनिलच्या घरासाठी गप्प राहिला. पाण्याच्या पाइपाचा विषय निघाला. गप्प. मग रावजी म्हणाले, "आता पालखीचा. खांदे द्यायला मानसं राहिली नायत. बंद घरांच्या दारात पालखी न्यायची की नाय? राजा, तुज्या घराचा काय?"

"नको न्यायला," राजेश म्हणाला. "कुलपासमोर पालखी नाचवून काय करायचं? चार म्हाताऱ्या मानसांचे खांदे जातात. माजं मान्य."

"आनि अनिलच्या घराचा?"

"विरोध," राजेश म्हणाला. त्याच आवाजात, त्याच जागेवरून. "अनिलच्या दारात पालखी यायला होवी."

कुणी हसलं नाही. कुणाला त्यात गंमतही वाटली नाही. रावजींनी मान डोलावली आणि पुढचं घर पुकारलं.

मला माझा चोर सापडला होता. तो माझा एकुलता एक मित्र होता.

५

सभा उठल्यावर मी पुढे झाले. नाव सांगितलं. त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग विझला. दोन्ही एका क्षणात झालं.

"चला," तो म्हणाला. "घर बघायला आला असाल."

अनिलचं घर आतून लख्ख होतं. जमीन सारवलेली, देव्हाऱ्यात वात तयार. पाच वर्षं ओस पडलेल्या घराला जो वास असतो तो नव्हता. राजेशने कणगीमागून एक डबी काढली. त्यात ते अंगठ्याएवढं यंत्र होतं.

"तुमच्यावर माझा संशय टिकत नव्हता," मी म्हणाले. "साहिल सुटला, कारण त्याने स्वतःचा ठराव तारला असता. निशाताई सुटल्या, कारण त्यांनी आधी नाणी घेतली असती. परका चोर सुटला तोही नाण्यांमुळेच. आणि तुम्ही सुटलात, कारण स्वतःच्या ठरावाच्या विरोधात कोण मत देतं? पण ती दोन 'हजर' माझ्या घशात अडकली होती. ज्याला दुसऱ्याच्या वतीने नुसतं हजर म्हणायची सवय आहे, त्यानेच ती दाबली असणार. आणि आज बघितलं, स्वतःचं आणि बंद घराचं मत एकाच तोंडाने उलटसुलट द्यायला इथे कुणाची जीभ अडखळत नाही."

तो उंबरठ्यावर टेकला. त्याने काहीच नाकारलं नाही.

"ठराव गरजेचा होता. अजूनही आहे," तो म्हणाला. "मी माझं मत बाजूनेच दिलं. पण शेवटच्या दिवशी यादीत अनिलचं नाव दिसत होतं आणि समोर काहीच नाही. रिकामं. त्याचंच घर पुसायचं चाललंय, आणि नाव पुकारल्यावर कुणी ओ देत नाही. मला बसवेना."

"ठराव पडणार, हे माहीत होतं?"

"होतं."

"आणि याला तराफ्यावर चोरी म्हणतात, हेही?"

"हे बटण अनिलने का ठेवलं असेल, सांगा बरं? त्याच्या डोक्यात हीच सहाण होती. मालक कुणी नाही, सगळ्यांनी मिळून ठरवायचं, हे तो कुठल्या पुस्तकात शिकला नव्हता." समोरच्या डोंगरावर धूर होता. "तुम्ही लिहाल तर मंच जाईल माझा. या वाडीत माझ्या वयाचा माणूस नाही, तुम्ही बघितलंत. रोज सकाळी मी हवा कशी आहे ते तुम्हाला लिहितो. लिहायचं असतं म्हणूनच मी बाहेर येऊन हवा बघतो. एवढंच सांगतो. बाकी तपासनीस तुम्ही आहात."

मला त्याचा राग आला. इतक्या वर्षांत हे एकदा तरी लिहायला काय झालं होतं? आणि माझाही आला, कारण मीही लिहिलं नव्हतं.

माझ्या डोक्यात एक पळवाट चमकली. खात्याची खरी वारस निशा, आणि वारसाचं मत नियमात बसतं. मत मीच दिलं, असं तिने सांगितलं तर? चोरीच उरत नाही. खातं वाचेल, सेजलचं भलं होईल, राजेश राहील. आणि माझ्या सकाळी राहतील.

"मोबाइलला रेंज कुठे मिळते?" मी विचारलं.

"सहाणेवर."

आम्ही परत वर गेलो, आणि मी निशाला फोन लावला.

६

मी सगळं सांगितलं, पळवाटसुद्धा. मतदान फिरवलं कुणी, यंत्र कुठे, पिन कुणाकडे.

"म्हणजे ते मत मी दिलं, असं म्हणायचं," निशा म्हणाली.

"हो."

"विरोधातलं."

"हो."

"पण मी विरोधात दिलं नसतं," ती म्हणाली. "मी बाजूने दिलं असतं. जो गेला, त्याचं खातं मिटू दे की. पाच वर्षं मी त्या नाण्यांची वाट बघत बसले, कुणी तरी आणून देईल म्हणून. वाट बघणंही मिटलं असतं. तुम्हाला काय वाटलं, भावोजींनी घराच्या बाजूने ओ दिली म्हणजे माझ्या बाजूने दिली?"

मी सहाणेच्या कडेला टेकले.

"घर बंद आहे, घर बंद आहे, असं सगळे म्हणतात. घरातलं माणूस नात्याला बसून बिरडं सोलतंय. एका एसटीचं अंतर. कुणाला एकदा तरी वाटलं, हिला विचारावं? त्या दिवशी तुम्हीही सगळं विचारलंत, ताई. हे नाही विचारलंत."

खरं होतं. चोर तूच का, हे मी विचारलं. तुझं मत काय, हे विचारलंच नाही. आयुष्यभर ज्या सहाणेवर माझं नाव पुकारलं गेलं नाही म्हणून मी कुढले, तसल्याच सहाणेवर येऊन मी आणखी एका बाईच्या तोंडी आयतं मत घालायला निघाले होते.

फोन ठेवला. राजेशला पलीकडचा आवाज ऐकू आला असावा. तो चष्मा पुसत होता आणि तो काही केल्या स्वच्छ होत नव्हता.

"मी त्यांना कधी विचारलंच नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, मी घर सांभाळतोय."

"सांभाळलंत," मी म्हणाले. "नीट सांभाळलंत. पण मला लिहावं लागेल."

"लिहा."

मी तिथेच बसून अहवाल लिहिला. नाव, कारण, गावकीची रीत, सगळं. त्याच्या मनात चोरी नव्हती, हे तीन वेळा लिहिलं आणि दोन वेळा खोडलं. शेवटचं बटण मलाच दाबायचं होतं. राजेश शेजारी बसून बघत होता. दाबलं. त्याच्या हातातल्या फोनवर मंच उघडा होता. तो बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी निशाबरोबर पुन्हा वाडीत गेले. एकदा मत बाद झालं की निकाल पक्का होईपर्यंत खऱ्या वारसाला मत देता येतं, असा नियम आहे. आजवर तो कुणी वापरला नव्हता. राजेशने घराची किल्ली, यंत्र आणि पिन तिच्या हवाली केलं. ती आत गेली. तो अंगणात थांबला. इतकी वर्षं त्या घरात दिवा लावणारा माणूस उंबऱ्याबाहेरून म्हणाला, "वहिनी, येऊ का?"

"थांबा जरा," निशा आतून म्हणाली.

ती बराच वेळ एकटीच आत होती. काय करत होती ते मी बघितलं नाही. नंतर सहाणेवर येऊन तिने आधी नाणी सेजलच्या नव्या खात्यावर टाकली. मग मत दिलं; त्याचं वजन मतदान सुरू झालं त्या दिवशीच्या नाण्यांवरच धरतात. बाजूने. राजेशचा ठराव पास झाला. अभिनंदनाचे निरोप मंचावर धो धो येत होते, आणि ज्याच्यासाठी ते होते त्याला वाचता येत नव्हते. मी त्यातले काही मोठ्याने वाचून दाखवले. मग फोन पिशवीत टाकला.

निशा घर झाडायला मागे राहिली. राजेश मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. उतार संपेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. बोलायची सवय बोटांना होती, तोंडाला नव्हती.

"आता तुम्ही काय कराल?" शेवटी मी विचारलं.

"बघू. मुंबईला बहीण आहे. ती बोलावते."

"जाणार?"

"मग माझ्या घराची चावी कुणाकडे ठेवू?" तो म्हणाला, आणि हसला नाही.

वळणावर एसटी दिसली. मी त्याला ज्या मंचावरून काढलं तोच त्याचं सगळं जग होता, आणि तो माणूस रस्त्याच्या मधोमध जाऊन माझ्यासाठी गाडीला हात दाखवत होता. गाडी थांबली. त्याने माझी पिशवी वर दिली, कंडक्टरला म्हणाला, "महाडच्या हायत, नीट उतरवा." मला खिडकीची जागा मिळाली. पोलादपूर येईपर्यंत मी रडत होते, आणि शेजारच्या बाईने काही न विचारता खिडकीची काच खाली ओढून दिली.